इंग्रजीचे पाठ्यपुस्तक नेमके कोणासाठी?

अकरावीचे वर्ग सुरू झाले की नाशिकच्या कनिष्ठ महाविद्यालयांत इंग्रजीच्या पहिल्या तासाला एक विलक्षण संमेलन भरते. गंगापूर रोडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतला मुलगा, पंचवटीतल्या मराठी शाळेतली मुलगी, जुन्या नाशकातल्या उर्दू शाळेतून आलेला विद्यार्थी आणि सुरगाणा-पेठकडच्या आश्रमशाळेतून वसतिगृहात दाखल झालेला, घरी कोकणा बोलणारा मुलगा, असे सारे एकाच बाकावर येतात. या सर्वांच्या हाती पुस्तक मात्र एकच असते, ते म्हणजे बालभारतीचे इंग्रजी 'युवकभारती'.

गंमत अशी, की दहावीपर्यंत हेच शासन या मुलांमधला फरक मान्य करीत असते. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला प्रथम भाषा म्हणून 'कुमारभारती' आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला तृतीय भाषा म्हणून 'माय इंग्लिश कोर्सबुक', अशी दोन स्वतंत्र पुस्तके आहेत. पहिल्यात साहित्याची समज अपेक्षित आहे, दुसऱ्यात भाषेची तोंडओळख पक्की करण्यावर भर आहे. मार्चमध्ये दहावीची परीक्षा होते आणि पावसाळ्यात अकरावी उघडते. एवढ्या अवधीत हा दहा वर्षांचा फरक नाहीसा झाला असे गृहीत धरले जाते. तो कोणी आणि कसा भरून काढला, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. शास्त्र शाखेचा विद्यार्थी असो वा कला शाखेचा, इंग्रजी सर्वांना सक्तीचे आहे. त्यामुळे या प्रश्नातून सुटकाही नाही.

वास्तविक २००० साली तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा ही दरी आपोआप बुजेल अशी आशा होती. त्याआधी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकवले जाई. २००० साली पहिलीत बसलेली मुले २०१० मध्ये दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडली. त्यालाही आता दीड दशक उलटले आहे. वर्षे वाढली, पण भाषा वर्षांनी येत नाही. ती कानावर किती पडते आणि वाचायला काय मिळते, यावर अवलंबून असते. ज्या मुलासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत आल्यावर शिकायची भाषा आहे, त्याच्यासाठी इंग्रजी खऱ्या अर्थाने 'तृतीय' असते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, तेव्हा ही गोष्ट या शहराला तरी नव्याने सांगावी लागू नये.

किशोरवयीन विद्यार्थ्यासाठी पुस्तक निवडणे हे लहान मुलांसाठी निवडण्यापेक्षा अवघड काम आहे. सोळा वर्षांच्या मुलाची भाषा चौथीच्या पातळीवर असू शकते, पण त्याचे मन चौथीतले नसते. त्याला ससा-कासवाची गोष्ट दिली तर तो अपमानित होतो आणि अवघड निबंध दिला तर तो गाईड विकत घेतो. त्याला हवे असते वयाला साजेसे, पण सोप्या शब्दांत लिहिलेले वाचन. ही कल्पना परकी नाही. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात ढाक्यात काम करीत असताना त्याला हीच अडचण दिसली होती. बंगाली मुले मध्येच शाळा सोडतात. तोवरच्या शिक्षणातून त्यांच्या पदरी काही तरी पडलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. म्हणून त्याने मोजक्या शब्दसंख्येत बांधलेली, क्रमाक्रमाने चढत जाणारी वाचनमाला तयार केली. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडात सुचलेली ही युक्ती जगभरच्या प्रकाशकांनी उचलली. आपल्या आश्रमशाळांच्या कपाटांत मात्र अशा पुस्तकांना हक्काची जागा मिळालेली नाही.

मग पुस्तक निवडण्याचा अधिकार शिक्षकालाच द्यावा, असे कोणी म्हणेल. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही एकाहून अधिक पाठ्यपुस्तकांचा पुरस्कार केला होता. दक्षिण कोरियात माध्यमिक शाळांना शासनमान्य अशा अनेक इंग्रजी पुस्तकांतून आपल्याला हवे ते निवडता येते. पण तिथला अनुभव सावध करणारा आहे. विद्यापीठप्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा सर्वांसाठी एकच. शासकीय शैक्षणिक वाहिनी 'ईबीएस'च्या सरावपुस्तकांशी त्या परीक्षेतील सत्तर टक्के प्रश्न जोडण्याचे धोरण तेथे अनेक वर्षे होते, पुढे ते प्रमाण पन्नास टक्क्यांवर आणण्यात आले. परिणाम व्हायचा तोच झाला. शेवटच्या वर्षात निवडलेले पाठ्यपुस्तक बाजूला पडते आणि वर्गात सरावपुस्तकच शिकवले जाते. पुस्तके दहा आणि परीक्षा एक असेल तर खरे पुस्तक परीक्षाच ठरवते. आपल्या 'अपेक्षित प्रश्नसंचां'च्या बाजाराला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच अकरावीसाठी नुसती दोन पुस्तके छापून भागणार नाही, प्रश्नपत्रिकाही दोन पातळ्यांवर हव्यात. यात जगावेगळे काही नाही. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणितासाठी 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन पर्याय ठेवले आहेत. यावर आक्षेप येईल, की त्यामुळे ग्रामीण आणि आदिवासी मुलांवर कायमचा शिक्का बसेल. आक्षेप अनाठायी नाही. पण न समजणारे पुस्तक हाती देऊन, उत्तरे पाठ करायला लावून पस्तीस गुणांवर बाहेर काढणे हाही एक शिक्काच आहे. फक्त तो गुणपत्रिकेवर छापलेला नसतो. सोपी पातळी निवडणाऱ्याला बारावीत वरच्या पातळीवर जाण्याची वाट मोकळी ठेवली, तर हा धोका बराच कमी होतो.

याची चर्चा आताच व्हायला हवी, याला कारण आहे. एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात नव्या पाठ्यक्रमाचे टप्पे जाहीर झाले होते आणि त्यात नववी व अकरावीसाठी २०२७-२८ हे वर्ष धरलेले होते. त्या निर्णयातला हिंदीचा भाग एवढा गाजला, की जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. पहिलीच्या मुलाने तिसरी भाषा कोणती शिकावी, यावर महाराष्ट्र दोन महिने भांडला. अकरावीच्या मुलाला सक्तीची असलेली भाषा कोणत्या पुस्तकातून शिकवावी, यावर एक सभाही भरल्याचे ऐकिवात नाही. शिक्षण खाते सांभाळणारे दादा भुसे मालेगावचे आहेत. कळवण-सुरगाण्याच्या आश्रमशाळा त्यांच्या गावापासून फार दूर नाहीत. अकरावीचे नवे पुस्तक लिहायला बसणाऱ्या मंडळाने प्रत्येक पाठ आधी तिथल्या दहावीच्या चार मुलांकडून वाचून घेतला, तर त्यातील किती पाठ शिल्लक राहतात तेही समजेल.