दहा बाय बाराची कचेरी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मुंबईतील असंख्य कचेऱ्या एका रात्रीत कर्मचाऱ्यांच्या घरी जाऊन बसल्या. पुढे टाळेबंदी उठली. परंतु घरून काम करून घेण्याची पद्धत कित्येक आस्थापनांनी आठवड्यातील काही दिवसांपुरती का होईना, चालू ठेवली. जागेचे भाडे आणि विजेचे बिल वाचत असेल तर ते कोणाला नको आहे? भायखळ्याच्या चाळीत मात्र या सोयीचा अर्थ पालटतो. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, कपाट, ओटा आणि मोरी यांतून उरलेल्या जागेत संगणक मांडायचा असतो. तो बहुधा मांडीवर किंवा उशीवर विसावतो. काही महिन्यांत मान आखडते, मनगटे दुखू लागतात आणि तिशीतला कारकून वयाला दोष देऊ लागतो.

दोष वयाचा नाही. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळफलक एकमेकांना जखडलेले असतात. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणावा तर हात अधांतरी राहतात. हात नीट ठेवावेत तर मान खाली जाते. यावर उपाय एकच : कळफलक व माऊस वेगळे घ्यावेत आणि लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर किंवा उपड्या डब्यावर चढवावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, कोपर काटकोनात, पाठीला आधार. खुर्चीवरून पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. जमिनीवर बसण्यातही कमीपणा नाही. पेढीवरच्या दिवाणजींनी उतरत्या डेस्कवर आयुष्यभर खतावण्या लिहिल्या. (त्यांच्या पाठी दुखत नव्हत्या असे नव्हे.) पण दिवाणजी गिऱ्हाइकासाठी उठत, पडद्यापुढचा माणूस तासन् तास उठत नाही.

डोळ्यांसाठी सांगितला जाणारा नियम असा की, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावे. बारा फुटांच्या खोलीत वीस फूट आणायचे कोठून? त्यासाठी गॅलरीतच यावे लागते. प्रकाशाचेही तसेच. खिडकी पडद्याच्या मागे वा समोर नको, बाजूला हवी. आणि खोलीला खिडकी एकच असते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने भायखळ्याशेजारी आग्रीपाड्यात चाळी उभारल्या. खोलीत उजेड यावा म्हणून समोरची इमारत साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेपलीकडे चढू नये, असा आग्रह ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी धरला होता. परकी राजवटीतील त्या संस्थेचे इतर दोष कितीही असोत, कामगाराच्या खोलीतील उजेड हा सार्वजनिक प्रश्न आहे एवढे तिला पटले होते.

आजच्या मालकवर्गाला तेवढेही पटलेले दिसत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद होती. पडद्यापुढे काम करणाऱ्यांच्या आरोग्यासाठी युरोपीय समुदायाने १९९० मध्ये निर्देश काढले. ब्रिटनने १९९२ मध्ये केलेले नियम घरी बसून काम करणाऱ्यालाही लागू होतात. आपल्याकडे पुष्कळदा लॅपटॉप हाती दिला की मालकाचे कर्तव्य संपते. खुर्ची, कळफलक, वीज आणि जागा हा सारा भार कर्मचाऱ्याच्या पगारावर व त्याच्या कुटुंबावर पडतो. मुलाचा अभ्यास आणि आजीची दुपारची झोप त्याच खोलीत उरकायची असते. नोकरी करणाऱ्या गृहिणीची स्थिती अधिक बिकट; तिची कचेरी ओट्यापासून चार फुटांवर भरते.

वाचलेल्या भाड्यातून मालकांनी खुर्ची व कळफलक पुरवावा, आणि ज्याच्या घरी जागा नाही त्याने कचेरीतली जागा मागितली तर ती नाकारू नये, ही मागणी कर्मचारी संघटनांनी करारात घातली पाहिजे. जुन्या उपकरप्राप्त चाळींच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान तीनशे चौरस फूट मिळतात. या आराखड्यांत मोटारी ठेवण्यासाठी मजल्यांवर मजले चढवले जातात. त्यांतच टेबले, खुर्च्या आणि बाजूने येणारा उजेड असलेली एक सामायिक खोली रहिवाशांनी आताच मागून घ्यावी. इमारत उभी राहिल्यावर ती मिळणार नाही.