घरचें आरोग्य : वारंवार निखळणारा खांदा

खांदा निखळला, कोणीं जाणत्यानें तो बसविला, चार दिवस हात गळ्यांत अडकविला कीं प्रकरण मिटलें, अशी बहुतेक घरांतून समजूत असते. दुसऱ्या वेळीं हळहळ कमी होते. पांचव्या वेळीं तर मुलगा स्वतःच हात वळवून सांधा जागेवर आणतो आणि घरचीं माणसें त्याचें कौतुक करतात. या कौतुकाविरुद्ध आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

सांधा बसविण्याची विद्या आपणांकडे जुनीच आहे. खांद्याचा सांधा सुटल्यास काखेंत मुसळ घालून तो वर उचलावा व जागेवर येतांच स्वस्तिकबंधानें बांधावा, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. परंतु बसलेल्या सांध्याच्या आंत हाडाचें काय झालें हें पाहण्याचें साधन १८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढीपर्यंत कोणापाशींच नव्हतें.

दंडाच्या हाडाचा माथा वाटोळा व मोठा. खवाट्याची खळगी मात्र बशीसारखी उथळ व लहान. खांदा पुढच्या बाजूस निखळतो तेव्हां माथ्याची मागची बाजू या बशीच्या कठीण कडेवर आदळते आणि तेथें खांच पडते. हिल व सॅक्स या अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञांनीं १९४० सालीं तिचें वर्णन केलें. तिला आजहि त्यांचेंच नांव आहे. इकडे बशीची पुढची कड झिजते, कधीं तिचा कपचा उडतो. दर खेपेस खांच वाढण्याचा व कड कमी होण्याचा संभव असतो. म्हणूनच पुढें कित्येकांचा खांदा झोंपेंत कूस बदलतांनाहि निसटूं लागतो.

समोरून घेतलेल्या एकाच क्ष-किरण चित्रांत ही हानि पुष्कळदां दिसत नाहीं, आणि हाड ठीक आहे असें समजून मंडळी घरीं परततात. हात आंतल्या बाजूस वळवून चित्र घेतलें तर खांच दिसूं लागते. काखेच्या दिशेनें घेतलेल्या चित्रांत कड अधिक कळते. नेमकें माप हवें असल्यास सी.टी. स्कॅन करावा लागतो. त्यांत संगणकाच्या साह्यानें दंडाचा माथा चित्रांतून वगळून खळगी समोरासमोर पाहतां येते. तिचा खालचा भाग मूळचा जवळजवळ वर्तुळाकार असल्यानें, त्यावर वर्तुळ काढलें कीं किती कड गेली तें मोजतां येतें.

हें माप कशास? बर्कहार्ट व डी बीअर यांनीं २००० सालीं दुर्बिणीनें केलेल्या १९४ शस्त्रक्रियांचा हिशेब प्रसिद्ध केला. हाडाची मोठी हानि नसलेल्या १७३ रोग्यांपैकीं ७ जणांचें दुखणें उलटलें; मोठी हानि असलेल्या २१ पैकीं १४ जणांचें! हाडच गेलें असतां नुसती कूर्चा शिवून भागत नाहीं. लाटार्जे यांनीं १९५४ सालीं सांगितल्याप्रमाणें खवाट्याचेंच चोंचीसारखें टोंक कडेवर बसविण्यासारखा उपाय योजावा लागतो. मोजमाप आधीं झालें नाहीं, तर एक शस्त्रक्रिया व्यर्थ जाण्याचा धोका असतो.

नंदुरबार जिल्ह्यांतील आमच्या वाचकांस येथें विशेष विनंति आहे. मुलाचा खांदा निखळला तर आपण त्यास मोठ्या शहरांत नेऊं. शेतावरील सालदाराचा निखळला तर हाडवैद्याकडे पाठवून आठव्या दिवशीं पुन्हां कामास लावूं. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून आलेल्या त्या माणसाचें सारें घर त्या हातावर चालतें, याचा विसर पडूं नये. २०२० पासून नंदुरबारास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यास तेथें दाखवावें. घरच्या घरीं हात ओढूं नये. पहिल्याच वेळीं चित्र काढून घ्यावें. विशीच्या आंतील मुलांत सांधा पुन्हां निखळण्याचा संभव फार मोठा असतो. म्हणून प्रत्येक प्रसंगाची तारीखवार नोंद ठेवावी, जुनीं चित्रें जपावीं, आणि तज्ज्ञास निःसंकोचपणें विचारावें कीं, कड किती उरली आहे? मग तो खांदा मुलाचा असो वा सालदाराचा.