अटक झाली तरी हक्क सुटत नाही



एकाधिकार खरेदीच्या काळात स्वतःचाच कापूस सेंधव्याकडे नेताना आपण चोर ठरलो. नाक्यावर गाडी अडली की हात जोडायचे, एवढेच ठाऊक. ती सक्ती गेली. हात जोडायची सवय राहिली.

रास्ता रोकोत पोलिसांनी धरले तर आधी कारण विचारा. संविधानाच्या कलम २२ प्रमाणे कारण सांगावे लागते, वकील भेटू द्यावा लागतो, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अटक पंचनाम्यावर घरच्या किंवा गावातल्या माणसाची सही हवी, घरी निरोप गेला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात बजावले आहे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

तुरुंगाला आम्ही कधी भ्यालो नाही. मग ठाण्यात प्रश्न विचारायला का भ्यावे?