आपण होऊन परत येणारें यंत्र

गेल्या उन्हाळ्यांत आमची नात आठवीची परीक्षा देऊन वाईस सुटीसाठीं आली, ती बापाकडून एक वचन घेऊनच. आमचे चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत. त्यांनीं तिला ड्रोन घेऊन देण्याचें कबूल केलें होतें. पुण्यास त्यांचें घर लोहगांवच्या विमानतळापासून जवळ. तेथें असलें कांहीं उडविणें म्हणजे पोलिसांस घरीं बोलावणें. तेव्हां उडवावयाचें तें वाईस, आणि कोणता घ्यावयाचा हेंहि आजोबांनींच पाहावें, असें बापलेकींनीं परस्पर ठरविलें. चौतीस वर्षें मुलांकडून संस्कृताचीं रूपें घोकवून घेतलेल्या माणसास ड्रोनांतलें काय कळतें, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. आमच्या कुटुंबानें तो त्याच दिवशीं विचारला.

लग्नकार्यांत मांडवावर घिरट्या घालणारें, भुंग्यासारखें गुणगुणणारें तें यंत्र आतां सर्वांनीं पाहिलें आहे. त्यास चार पंखे असतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन एका दिशेनें फिरतात व उरलेले दोन उलट दिशेनें. म्हणून यंत्र स्वतःभोंवतीं गरगरत नाहीं. त्यास शेपूट नाहीं, सुकाणूं नाहीं. वर जाणें, वळणें, पुढें झुकणें हें सारें या चार पंख्यांची गति कमीअधिक करून साधावयाचें. आणि तो हिशेब सेकंदास शेंकडों वेळां करावा लागतो. माणसाच्या बोटांस हें जमणें शक्य नाहीं. म्हणून अगदीं स्वस्त खेळण्यांतहि हिशेब करणारी एक चिमुकली चकती बसविलेली असते. यंत्रावर मुळींच विश्वास ठेवूं नये, असें म्हणणाऱ्या गृहस्थानें ड्रोनच्या वाटेस जाऊंच नये हें बरें. विश्वास ठेवावा तर लागतोच. तो कोठपर्यंत, एवढेंच काय तें ठरवावयाचें राहतें.

असा विषय निघाला कीं आमचे कांहीं मित्र लगेच पुष्पक विमानाकडे वळतात. भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकांतील ग्रंथांत लांकडी पक्ष्याच्या आकाराच्या विमानाचें वर्णन आहे खरें. पाऱ्याच्या बळावर तें आकाशांत जातें असें तेथें म्हटलें आहे. पण यंत्रांची घडण सांगितली नाहीं ती गुप्त राहावी म्हणून, आम्हांस ठाऊक नाहीं म्हणून नव्हे, असा खुलासाहि ग्रंथकारानें तेथेंच जोडून दिला आहे. हा खुलासा वाचून आम्हांस दर वेळीं हंसूं येतें. गृहपाठ न आणणारीं मुलें याहून फारसें निराळें बोलत नसत.

असो. चिरंजीवांचें म्हणणें टेलिफोनवर असें पडलें : "अण्णा, चांगला भारीपैकीं घ्या. तो हवेंत आपला आपण उभा राहतो, वाऱ्यानं ढळत नाहीं, बॅटरी संपत आली कीं स्वतःच घरीं परत येतो. पोरीला कांहीं करावंच लागणार नाहीं."

"मग ती शिकणार काय?" आम्हीं विचारलें.

यावर पलीकडे थोडा वेळ शांतता झाली. शेवटीं ठरलें तें असें, कीं पहिले तीन आठवडे एक लहानसा, कांहींच न जाणणारा ड्रोन घ्यावा, आणि हात बसल्यावर मग दुसरा. ज्यांच्या घरीं असलीच मागणी आली असेल, त्यांच्यासाठीं या पहिल्या ड्रोनविषयीं चार गोष्टी येथें नोंदवून ठेवतों.

तो तळहाताएवढा असावा आणि पंख्यांभोंवतीं जाळी किंवा कडें असावें. कडें नसेल तर पहिल्याच दिवशीं पडद्यांस चिरा जातात. बोटांचें तर बोलावयासच नको. जादा पातीं आणि निदान दोन जादा बॅटऱ्या बरोबरच घ्याव्या, कारण एक बॅटरी सात-आठ मिनिटांतच संपते, आणि मुलाचा हात नेमका त्याच सुमारास बसूं लागलेला असतो. या बॅटऱ्या लिथियमच्या. त्या फुगल्या तर पुन्हां वापरूं नयेत, आणि भारित होत असतांना घर सोडून जाऊं नये. कॅमेरा नसला तरी चालेल. आमच्या मतें नसलेलाच बरा, कारण चित्र दिसूं लागलें कीं मूल ड्रोनकडे पाहावयाचें सोडून पडद्याकडे पाहूं लागतें. पुष्कळ खेळण्यांत 'हेडलेस' नांवाची एक सोय असते. ड्रोनचें तोंड कोणीकडेहि असो, आपण कळ उजवीकडे लोटली कीं तो आपल्या उजवीकडेच जातो. दुकानदार ही सोय मोठ्या कौतुकानें दाखवितो. शिकणाऱ्यानें ती बंद ठेवावी. ड्रोनचें तोंड आपल्याकडे असलें कीं उजवें-डावें उलटें होतें, हेंच तर शिकावयाचें असतें. आणि तें जो शिकला नाहीं त्याची ऐन अडचणीच्या वेळीं गाळण उडते. आम्हीं नातीस क्रम लावून दिला : आधीं पाठ आपल्याकडे करून एका जागीं मिनिटभर ठेवणें, मग बाजू, मग तोंड. रूपें चालविण्यासारखेंच तें. बारा दिवसांत तिला तें साधलें.

कायद्याचेंहि येथेंच सांगतों. केंद्र सरकारनें २०२१ च्या ऑगस्टमध्यें ड्रोनविषयीं नवे नियम केले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंत वजनाच्या ड्रोनचा वर्ग 'नॅनो' होय. तो उडविणाऱ्यास चालकाचा परवाना लागत नाहीं. देशाचा नकाशा हिरवा, पिवळा आणि तांबडा अशा तीन भागांत विभागला आहे. हिरव्या भागांत ४०० फुटांपर्यंत परवानगीवांचून उडवितां येतें. तांबड्यांत सरकारच्या परवानगीशिवाय मुळींच नाहीं. उडविण्यापूर्वीं तो नकाशा पाहणें हें काम मोठ्या माणसानें स्वतः करावें. आणखी एक : परदेशांत तयार झालेले ड्रोन आणण्यावर २०२२ च्या फेब्रुवारींत सरकारनें बंदी घातली. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्यास "येतांना एक घेऊन ये" असें सांगण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें.

तीन आठवड्यांनीं दुसरा ड्रोन आला, २४९ ग्रॅमचा. हा विद्वान होता. आपण कोठें आहों हें त्यास उपग्रहांवरून कळतें. किती उंच आहों हें हवेच्या दाबावरून. तोंड कोणीकडे आहे हें होकायंत्रावरून. शिवाय पोटाशीं एक बारीक कॅमेरा असतो, तो जमिनीवरच्या खुणा पाहून जागा धरून ठेवतो. कळ सोडली कीं स्वारी अधांतरीं स्तब्ध. पहिल्या दिवशीं आम्ही थक्क होऊन पाहतच राहिलों.

परंतु या चारहि इंद्रियांस आपापलीं व्यंगें आहेत, आणि तीं जाहिरातींत सांपडत नाहींत. उंच भिंतींच्या बोळांत उपग्रह नीट दिसत नाहींत. सिमेंटच्या गच्चींत लोखंडी सळ्या असतात, त्यांच्यामुळें होकायंत्र भ्रमतें. मोटारीच्या टपावरून उडविलें तरी तेंच. पोटाचा कॅमेरा अंधारांत, गुळगुळीत फरशीवर किंवा वाहत्या पाण्यावर गोंधळतो. म्हणून कृष्णेच्या पात्रावर खालीं उतरूं नये, असा नियम आम्हीं केला. ज्या महागड्या ड्रोनांस अडथळा ओळखणारे डोळे असतात, त्यांनाहि विजेची तार आणि पानें गळालेली बारीक फांदी सहसा दिसत नाहीं. आमच्या ड्रोनास तर खालचा सोडून दुसरा डोळाच नव्हता.

आपण होऊन चालणाऱ्या यंत्राचें कौतुक कांहीं आजचें नाहीं. १९१४ च्या जूनमध्यें लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणानें पॅरिसजवळ सेन नदीवर हजारों लोकांदेखत विमान उडवितांना दोन्ही हात वर करून दाखविले. त्याचा सोबती तर पंखावर चालत गेला. भोंवऱ्यांच्या गतीवर चालणाऱ्या यंत्रानें विमान सरळ ठेविलें. त्यानंतर शंभर वर्षें हें यंत्र सुधारतच गेलें आणि त्यानें विमानप्रवास पुष्कळ सुरक्षित केला, हें मान्य न करणें कृतघ्नपणाचें होईल. पण १ जून २००९ च्या रात्रीं रिओहून पॅरिसला जाणारें एअर फ्रान्सचें विमान अटलांटिक महासागरांत पडलें, त्याची चौकशी वाचण्यासारखी आहे. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फानें बुजल्या. वेगाचे आंकडे एकमेकांशीं जुळेनात. तेव्हां स्वयंचालक यंत्रानें काम सोडून विमान माणसांच्या हातीं दिलें. यंत्राचें यांत चुकलें असें म्हणवत नाहीं. जें कळत नाहीं तें कळत नाहीं असें त्यानें सांगितलें. परंतु तेवढ्या उंचीवर विमान हातानें सांभाळण्याची तालीम वैमानिकांस मिळालेली नव्हती. नाक खालीं करावयाचें तेथें तें वर ओढलें गेलें, आणि चार-साडेचार मिनिटांच्या आंत २२८ माणसें गेलीं. नळ्यांवरचा बर्फ त्यापूर्वींच वितळून गेला होता.

ही हकीकत आम्हीं नातीस सांगितली होती, तीहि चांगली रंगवून. पुढची गोष्ट सांगतांना म्हणूनच आम्हांस अधिक लाज वाटते.

आमच्या परसामागें शेत आहे, आणि शेत व घर यांच्यामध्यें शेजाऱ्यांच्या वाड्यांतलें जुनें चिंचेचें झाड. नात रोज परसांतून ड्रोन उडवी, शेतावर नेई, आणि झाडास वळसा घालून हातानें परत आणी. या ड्रोनास घराची खूण असलेलें एक बटण आहे. तें दाबलें, किंवा बॅटरी उतरली, कीं ड्रोन अगोदर ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि निघाल्या जागेकडे सरळ रेषेंत येतो. ती उंची आम्हींच ठरवून ठेविली होती : पंधरा मीटर. जितकें खालीं तितका धोका कमी, असा आमचा समज. चिंच केवढी उंच आहे हें मोजावयाचें आमच्या ध्यानींमनींहि आलें नाहीं.

मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळीं बॅटरीची सूचना वाजूं लागली, आणि 'आतां परत येतों' अशीं अक्षरें पडद्यावर आलीं. तें रद्द करावयास दहा सेकंद मिळतात. नातीचा अंगठा बटणाकडे गेला. "आजोबा, मी आणते, झाड आहे," ती म्हणाली.

"असूं दे," आम्हीं म्हटलें, "त्याला कळतं."

तिनें अंगठा मागें घेतला. ड्रोन वर चढला, वळला, आणि अगदीं आंखून दिल्यासारखा सरळ चिंचेंत शिरला. फांद्या मोडल्याचा आवाज झाला आणि मग पलीकडच्या अंगणांत कांहींतरी आपटलें.

तेथें शेजारच्या काकू, वय वर्षें ब्याऐंशी, बाजेवर कुरडया वाळत घालीत बसत असत. आम्ही भिंतीवरच्या दिंडींतून धांवत गेलों. काकू स्वयंपाकघराच्या दारांत पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या; तहान लागली म्हणून नुकत्याच उठल्या होत्या. ड्रोन त्यांच्या बसण्याच्या जागीं पडला होता. एक पंखा अद्याप फिरत होता, आणि त्यानें बाजेवरच्या लुगड्यास वीतभर चीर पाडली होती.

आम्हीं हात जोडले. काकू म्हणाल्या, "अहो मास्तर, पोरीला रागावूं नका हो." तेव्हां चूक पोरीची नसून आमची आहे, हें आम्हांस त्यांच्या दारांत, सुनांनातवंडांसमोर सांगावें लागलें. सांगितलें. नात कांहीं बोलली नाहीं. रात्रीं जेवतांना मात्र पानाकडे पाहात म्हणाली, "मी आणला असता." आम्ही वरण कालवीत राहिलों. मास्तर म्हणून आम्हीं पुष्कळ मुलांचीं खरीं उत्तरें पुस्तकांत निराळें छापलें आहे म्हणून खोडलीं असतील. त्यांतलीं दोन-तीन त्या रात्रीं नांवानिशीं आठवलीं.

दुसऱ्या दिवशीं काठीची सांवली आणि झाडाची सांवली मोजून त्रैराशिकानें चिंचेची उंची काढली : एकोणीस मीटर. परत येण्याची उंची आतां तीस मीटर ठेविली आहे. ड्रोन उडविण्यापूर्वीं घराची जागा त्यानें बरोबर नोंदली कीं नाहीं, हें नात मोठ्यानें वाचून दाखविते. बॅटरी निम्मी राहिली कीं परत फिरावयाचें. यंत्राची सूचना वाजूं द्यावयाचीच नाहीं. घराचें बटण आठवड्यांतून एकदां मोकळ्या शेतांत, कोणी जवळपास नसतांना, मुद्दाम दाबून पाहावयाचें, म्हणजे तें काय करतें हें आपणांस ठाऊक राहतें. आणि बटण केव्हां दाबावयाचें हें ज्याच्या हातांत नियंत्रक आहे त्यानें ठरवावें. आजोबांनीं मध्यें बोलूं नये. शेवटचें कलम नातीनें घातलें आणि आम्हीं त्याखालीं सही केली.

काकूंस नवें लुगडें नेऊन दिलें. तें त्यांनीं घेतलें नाहीं, पण मोडकीं पातीं बदलल्यावर ड्रोन पुन्हां उडाला तेव्हां पाहावयास आल्या.

नात जूनमध्यें पुण्यास गेली. जातांना तो पहिला, तळहाताएवढा ड्रोन ती आमच्यासाठीं ठेवून गेली आहे. रोज दुपारीं माजघरांत आम्ही सराव करतों. पाठ आपल्याकडे असतांना मिनिटभर उभा राहतो. तोंड आपल्याकडे झालें कीं अजून उजवें-डावें चुकतें. कुटुंबानें त्या वेळेपुरतें देवघराचें दार लावून घेण्यास सुरुवात केली आहे.