दहाच वेळा चढायचं

भाचा अमेरिकेत शिकतो. सुट्टीत न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत स्वस्तात जायचंय म्हणून १८ शहरांची यादी पाठवली. सापगावात बसून मी ती कापली. फी बहिणीने शेताचा तुकडा विकून भरलीय!

ॲमट्रॅकचा रेल्वे पास ३० दिवसांचा, पण गाडीत दहाच वेळा चढता येतं. आपल्या आसनगाव लोकलच्या पासासारखं नाही ते. शिकागो ते कॅलिफोर्निया दोन दिवसांहून जास्त लागतात. दोन रात्री खुर्चीतच काढल्या की तेवढं हॉटेल वाचलं. जेवण सोबत घे, हलालची चिंताही मिटते.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये तिथे गेल्या, व्याख्यानं देत फिरल्या, माणसं पाहिली आणि १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिलं. हा नुसते स्टेशनांचे फोटो आणणार.

‘मामू, दोस्त हसतील.’

हसू देत. पाच शहरं ठेवलीत.