अकरा ओळींची उसनवारी

२२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्याने एनपीएम या सामाईक भांडारातून काढून घेतली, आणि जगभर अनेक प्रकल्पांचे ‘बिल्ड’, म्हणजे सुट्या भागांतून प्रणाली जुळवण्याचे काम, अडले. मजकुराच्या डावीकडे जागा भरून त्याची लांबी ठरावीक करणे, एवढेच तिचे कार्य. ‘बेबल’सारखे मातब्बर साधन तिच्यावर विसंबून होते, कित्येकांना आपण तिचे ऋणी आहोत हेच ठाऊक नव्हते. दोनेक तासांत ती पुन्हा ठेवली गेली.

दोष कर्त्याचा, असे पुष्कळांनी म्हटले. आम्हांला ते पटत नाही. संदर्भ देताना आवृत्ती नोंदवावी, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. बिल्डमध्येही ती नोंदवता येते. पण ग्रंथालयातून ग्रंथच नाहीसा झाला तर तळटीप काय कामाची? म्हणून परक्या आज्ञावलीची प्रत प्रकल्पाने स्वतःजवळ ठेवावी, असे आमचे मत आहे. अशी प्रत शिळी होते, मूळ कर्त्याने केलेली दुरुस्ती तिच्यात आपोआप येत नाही, हे खरे. ती राखण आपणच करायची. फुकट देणाऱ्याने ती जन्मभर करावी, ही अपेक्षा आम्हांला अन्यायाची वाटते.