कोहा म्हणजे आहेर

बृहन्महाराष्ट्रातील जुन्या मराठी ग्रंथालयांच्या बैठकांतून हल्ली एक प्रश्न हटकून निघतो. कार्डांचे खण जीर्ण झाले, नोंदवह्यांची पाने पिवळी पडून सुटू लागली. तेव्हा पुस्तकांची यादी संगणकावर घ्यावी, हे सर्वांना मान्य असते. पण घ्यावी ती कोणत्या आज्ञावलीवर? मग कार्यकारिणीतील एखादा तरुण सभासद सांगतो की, 'कोहा' नावाची एक आज्ञावली आहे, ती जगभर चालते आणि फुकट मिळते. 'फुकट' हा शब्द कानी पडताच खजिनदारांचा चेहरा उजळतो आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. आज फुकट देणारा उद्या काय मागेल, अशी त्यांची शंका. या शंकेची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. संगणकाच्या व्यापारात गेल्या काही वर्षांत जे घडले ते पाहता ती शंका अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. मात्र कोहाच्या बाबतीत तिचे उत्तर फार बोधक आहे, म्हणून ही हकिगत जरा विस्ताराने सांगतो.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर होरोफेनुआ नावाचा एक लहानसा जिल्हा आहे. लेव्हिन हे त्यातले मुख्य गाव. तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्या काळी एक विश्वस्त संस्था चालवीत असे. १९९९ साली तिच्यापुढे पेच पडला. ग्रंथालयाचा जुना संगणकी कारभार २००० साल उजाडताच तारखांच्या घोळात सापडणार होता, आणि बाजारातील नव्या यंत्रणा त्या संस्थेच्या ऐपतीपलीकडच्या होत्या. तेव्हा संस्थेने वेलिंग्टनच्या 'काटिपो' या छोट्या मंडळीकडून स्वतःपुरती आज्ञावली नव्याने लिहवून घेतली. ३ जानेवारी २००० रोजी पुस्तकांची देवघेव तिच्यावर सुरू झाली. येथपर्यंत नवल काही नाही. गरजवंताने तजवीज केली इतकेच. नवल पुढेच आहे. ज्या वस्तूसाठी पदरचे पैसे मोजले ती वस्तू संस्थेने त्याच वर्षी जगाला खुली केली. नुसती वापरायलाच नव्हे, तर तिचा मूळ मसुदा वाचायला, बदलायला आणि पुढे द्यायलाही.

याला भाबडा परोपकार म्हणणे बरोबर होणार नाही. एका लहान गावाच्या ग्रंथालयाला एवढे यंत्र एकट्याने कायमचे सांभाळणे परवडणारे नव्हतेच. दहा ठिकाणी ते वापरात आले तर डागडुजीचा भार दहांत वाटला जातो, हा व्यवहार त्यामागे उघड दिसतो. परवाना निवडला तोही त्याच धोरणाचा. 'जीपीएल' नावाच्या त्या परवान्याची मुख्य अट अशी की, कोणीही ही आज्ञावली घ्यावी, सुधारावी, हवी तर पैसे घेऊन विकावी. परंतु सुधारलेली प्रत ज्याला दिली त्याला तिचा मसुदाही त्याच अटींवर द्यावा. घेतले तसेच पुढे देणे भाग.

नावही मोठे मार्मिक निवडले. 'कोहा' हा न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा शब्द. पाहुण्याने यजमानाकडे जाताना नेलेली भेट, असा त्याचा अर्थ. मात्र ती भेट एकतर्फी नसते, केव्हा तरी तिची फेड व्हावी हे दोन्ही पक्ष जाणून असतात. इंग्रजीत याला चपखल शब्द सापडणे कठीण. मराठीत तो तयार आहे : आहेर. आमच्या घरोघरी आहेराची यादी जपून ठेवतात ती कशासाठी, हे वाचक-भगिनींना सांगायला नकोच.

आणि फेड खरोखरच झाली. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयाला ही आज्ञावली आवडली. पण तिच्यात 'मार्क' पद्धतीची सोय नव्हती. 'मार्क' म्हणजे पुस्तकांच्या नोंदी लिहिण्याची ग्रंथपालांची ठरलेली भाषा. या भाषेतली नोंद एका ग्रंथालयातून दुसऱ्यात जशीच्या तशी नेता येते. त्या ग्रंथालयाने खर्च सोसून ती सोय करवून घेतली, आणि ती लेव्हिनसकट सर्वांना लाभली. पुढे हीच रीत पडली. एका ग्रंथालयाने नियतकालिकांच्या नोंदीची सोय करवावी, दुसऱ्याने आणखी कशाची, आणि प्रत्येकाला सारे मिळावे.

आम्हा बडोदेकरांना यात काही अपरिचित वाटत नाही. महाराजा सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले, तेव्हा गावोगावच्या वाचनालयांसाठी नियमच असा होता की, गावाने जेवढी वर्गणी जमवावी तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने. महाराजांना हवे असते तर सगळा खर्च खजिन्यातून झाला असता. पण ज्यात आपला रुपया नाही त्या वाचनालयाची राखण गाव कितपत करील, हे ते जाणून होते. फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत जात ती याच व्यवस्थेतून.

आता हकिगतीचा कडू भाग. नेल्सनव्हिलच्या कामात पुढाकार घेतलेल्या मंडळींनी २००५ साली 'लिबलाइम' नावाची कंपनी काढली. ग्रंथालयांना कोहा बसवून द्यायची, सांभाळायची आणि त्याचे शुल्क घ्यायचे, असा तिचा धंदा. यात गैर काहीच नव्हते. आज्ञावली फुकट असली तरी तिच्यावर राबणाऱ्या माणसांना पोट असतेच, आणि या कंपनीने कोहासाठी पुष्कळ काम केले हे तिच्या टीकाकारांनाही नाकारता येणार नाही. २००७ साली तिने काटिपोचा कोहाविषयक व्यवसाय विकत घेतला. साहजिकच कोहाचे अधिकृत संकेतस्थळही तिच्या हाती आले. आणि मग २००९ मध्ये कंपनीने जाहीर केले की, आपल्या गिऱ्हाइकांसाठी ती कोहाची एक खास आवृत्ती चालवील आणि तिच्यावरील काम यापुढे चारचौघांत होणार नाही.

परवान्याची अट मोडली का? वकिली काट्याने पाहिले तर नाही. अट आहे ती प्रत दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यावर. कंपनीने प्रत कोणाला दिलीच नाही. ती आपल्याच संगणकावर ठेवली आणि ग्रंथालयांना तारेवरून तिचा उपयोग भाड्याने दिला. आचाऱ्याने दुसऱ्याकडून शिकलेल्या पाककृतीत भर घालावी, ताट वाढावे, पैसे घ्यावेत. पण कृती सांगायची वेळ आली की म्हणावे, मी तुम्हांला जेवण विकले, कृती विकलीच नव्हती! पुढे ज्या फटीतून सारा संगणक-व्यापार गेला, ती हीच.

जगभरच्या कोहावापरकर्त्यांत मोठी खळबळ उडाली. २०१० साली 'पीटीएफएस' या अमेरिकन कंपनीने लिबलाइम विकत घेतली. जुने संकेतस्थळ काही परत मिळेना. तेव्हा लोकांनी दुसऱ्या नावाचे संकेतस्थळ उभारले, मसुदा तेथे नेला आणि काम पुढे चालू केले. सामाईक मालमत्ता कोणाच्या नावे ठेवावी असा प्रश्न आला, तेव्हा सर्वांनी बोट दाखविले ते होरोफेनुआच्या ग्रंथालयाकडे. मसुदा तर वाचला, नावाचे काय? २०११ च्या अखेरीस बातमी फुटली की, न्यूझीलंडमध्येच 'कोहा' हे व्यापारचिन्ह त्या अमेरिकन कंपनीच्या नावे होण्याच्या वाटेवर आहे. माओरींचा शब्द, लेव्हिनची आज्ञावली, आणि नाव मात्र परक्याचे! देवळाच्या पुजाऱ्याने एके दिवशी उताऱ्यावर आपले नाव चढवावे, तसलाच हा प्रकार. ग्रंथालयाने हरकत घेतली, मदतीसाठी जाहीर विनंती केली, लोकांनी पैसे पाठविले, आणि २०१३ च्या अखेरीस तो अर्ज फेटाळला गेला.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, कोहाने जे २००९ मध्ये भोगले ते मोठमोठ्या आज्ञावल्यांच्या वाट्याला पुढे आले. मात्र तेथे भूमिका उलटसुलट झाल्या. 'इलॅस्टिकसर्च' या शोधयंत्राचे उदाहरण घ्या. त्याचा जनक शाय बॅनन. त्यांची पत्नी लंडनला पाकशास्त्र शिकत असताना तिच्या पाककृतींत शोध घेता यावा म्हणून त्यांनी जे खटाटोप आरंभले, त्यातून २०१० साली हे यंत्र जन्मले. पाककृतींची ती सोय पत्नीला अजून मिळालेली नाही, असे ते स्वतःच विनोदाने सांगत. यंत्र मात्र जगभर गेले. विकिपीडियाचा शोध, अर्थात मराठी विकिपीडियाचाही, कित्येक वर्षे त्यावर चालला. २०१२ मध्ये कंपनी निघाली, २०१८ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. दरम्यान, २०१५ पासून ॲमेझॉनने हेच यंत्र आपल्या संगणकांवर ठेवून त्याच नावाने भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. परवाना तर सर्व मुभा देणारा. तक्रार कशाच्या आधारे करणार? नावावरून खटला झाला. परवाना मात्र २०२१ च्या जानेवारीत कंपनीने सरळ बदलूनच टाकला. ॲमेझॉनने लगेच जुना मसुदा उचलून 'ओपनसर्च' हे दुसरे यंत्र उभे केले. २०२४ च्या ऑगस्टात इलॅस्टिकने पुन्हा एक खुला परवाना जोडला, तो 'एजीपीएल' : बदललेली आज्ञावली तारेवरून वापरायला दिली तरी मसुदा उघडा करावा लागेल, असे सांगणारा. म्हणजे वर सांगितलेली फट बुजविणाराच. 'रेडिस' नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीने २०२४ च्या मार्चमध्ये हाच दरवाजा लावला. आठवड्याभरात तिच्या मसुद्यावरून 'व्हॅल्की' उभी राहिली. २०२५ च्या मे महिन्यात रेडिसही एजीपीएलकडे परतली.

या भांडणात आमची सहानुभूती कोणाकडे, असे कोणी विचारील. सावकाराकडे ती नाहीच. पाणपोईवर पिंप लावून पाणी विकणारा तो व्यापारी. त्याला कायदा आड येत नाही म्हणून तो सज्जन ठरत नाही. परंतु इलॅस्टिकचा कैवारही आम्हांला पुरता घेववत नाही. तिचे यंत्र ज्या 'लुसीन' नावाच्या पायावर उभे आहे तो डग कटिंग यांनी १९९९ साली घातलेला आणि सर्वांना मोकळा असलेला. शिवाय ज्या बाहेरच्या शेकडो लोकांनी मोकळी वस्तू समजून आपले काम तिच्यात घातले, त्यांना परवाना बदलताना कोणी विचारले नाही. तसा हक्क कंपनीने आधीच लिहून घेतला होता. आहेर घेताना 'परत करणार नाही' असे बारीक अक्षरांत लिहिलेल्या कागदावर पाहुण्याची सही घेण्यासारखेच नव्हे का हे?

तेव्हा फुकट की विकत, हा प्रश्न आम्हांला दुय्यम वाटतो. मालकी एका कंपनीच्या मुठीत आहे की पुष्कळांत वाटलेली, हे आधी पाहावे. कोहा वाचली ती तिच्या मालकीत गावोगावच्या ग्रंथालयांचा रुपया होता म्हणून. नुसत्या परवान्याने ती वाचली असती असे आम्हांला वाटत नाही.

आता आपल्या खणांतल्या कार्डांकडे वळू. कोहा घेतली म्हणजे खर्च संपला असे खजिनदारांनी मानू नये. संगणक लागेल, नित्य नक्कल काढून दुसरीकडे ठेवावी लागेल, बिघाडाच्या वेळी हाक मारायला जाणकार लागेल. हे काम शुल्क घेऊन करणारे आपल्याकडेही आहेत आणि त्यांना ते शुल्क आनंदाने द्यावे. मात्र करार करताना एक वाक्य लिहून घ्यावे : मागू तेव्हा आमची सगळी यादी 'मार्क' नोंदींत परत मिळेल. हे वाक्य लिहायला जो का-कू करील त्याला चहा पाजून निरोप द्यावा. हीच दक्षता विकतच्या आज्ञावलीलाही लागू. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी हौसेने याद्या आणि स्मरणिका तेव्हाच्या निरनिराळ्या मराठी अक्षरसंचांत टंकून घेतल्या, त्यांना याचे मोल ठाऊक आहे. ते विशिष्ट अक्षरसंच नाहीसे झाले की पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. तशा याद्या कोठे असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणवाव्यात. नव्या नोंदी तर प्रथमपासूनच युनिकोडमध्ये कराव्यात.

राहिले ते टंकण्याचे काम. आमचा अनुभव असा की, घोडे अडते ते येथेच. लेखकाचे आडनाव आधी की नाव, टोपणनावाने लिहिणाऱ्यांचे काय, अनुवादाची नोंद मूळ लेखकाखाली की अनुवादकाखाली, हे एका कागदावर आधी ठरवून तो भिंतीला लावावा. नाही तर एकच लेखक तीन ठिकाणी सापडेल. मग दोघांनी रोज शंभर-शंभर कार्डे घेतली तर दहा हजारांचा संग्रह पन्नास दिवसांत उरकतो. निवृत्त मंडळींनी कार्डे वाचून दाखवावीत, मुलांनी टंकावीत. उन्हाळ्याची सुट्टी त्याला पुरेशी आहे. फक्त खोलीत पंखा चालू असावा.